गाठ रोखणारं की गाठ बांधणारं? दोन बहिणी आणि बीआरसीए२

सप्टेंबर २०१८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये इस्रायलमधल्या एका गटाने दोन सख्ख्या बहिणींची हकीकत छापली. दोघींची गुणसूत्रं ४६, त्यात एक्स दोन; कॅरियोटाइप, म्हणजे गुणसूत्रांची मांडणी, पाहून कुणाला काही वावगं वाटलं नसतं. पण दोघींचीही अंडाशयं नीट घडलेलीच नव्हती. वैद्यकात याला एक्सएक्स ओव्हेरियन डिसजेनेसिस म्हणतात. दोघींच्या डोक्याचा घेरही वयाच्या मानाने लहान होता. एकीला पाच वर्षांची असताना रक्ताचा कर्करोग झाला होता. ती त्यातून बरी झाली होती आणि त्याला बरीच वर्षं लोटली होती.

अंडाशय नाही, डोकं लहान, एकीला ल्युकेमिया. तिन्ही तक्रारींचे डॉक्टर वेगळे, तिन्ही फायली वेगळ्या. जनुकं तपासल्यावर त्या एका दोऱ्यात ओवल्या गेल्या. बीआरसीए२ या जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष होता. एका प्रतीत एका जागी, दुसरीत दुसऱ्याच जागी, पण परिणाम सारखाच: प्रथिन पूर्ण बनण्याआधीच मजकूर तुटतो. पेशींत बीआरसीए२ प्रथिनाचं प्रमाण घटलेलं होतं.

इथे वाचक थबकतो. बीआरसीए म्हणजे स्तनाच्या कर्करोगाचं जनुक ना? २०१३ मध्ये अँजेलिना जोलीने आपल्या शस्त्रक्रियेबद्दल वर्तमानपत्रात लिहिलं तेव्हापासून 'ब्राका' हा शब्द आपल्याकडच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्येही ऐकू येतो. तिचा दोष बीआरसीए१ मध्ये होता, पण लोकांच्या डोक्यात दोन्हींचं बिऱ्हाड एकच. मग स्तनाच्या गाठीचं जनुक अंडाशय घडवण्याच्या भानगडीत कशाला पडलं?

मला वाटतं प्रश्नच उलटा आहे. हे प्रथिन मुळात कर्करोग रोखायला जन्माला आलेलंच नाही. आपण त्याला पहिल्यांदा पाहिलं ते कर्करोग झालेल्या घरांमध्ये, म्हणून नाव तसं पडलं. १९९४ मध्ये या जनुकाची जागा तेराव्या गुणसूत्रावर निश्चित झाली, १९९५ मध्ये जनुक हाती लागलं, आणि बारशाला आलेले सगळे कर्करोगवाले होते. भ्रूणातल्या अंडाशयाचा अभ्यास करणाऱ्याला ते आधी सापडलं असतं, तर आज त्याचं नाव काहीतरी भलतंच असतं.

प्रयोगशाळेत काय दिसलं

जनुकात दोष सापडला म्हणजे कारण सापडलं, असं होत नाही. प्रत्येकाच्या जनुकांत डझनावारी विचित्र गोष्टी असतात. हा दोष खरोखर काही बिघडवतो का, ते पेशींना विचारावं लागतं.

अशा वेळी पहिला प्रश्न असतो: डीएनएला इजा केली तर या पेशी ती भरून काढतात का? रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढवायच्या, त्यांना मायटोमायसिन-सीसारखं औषध द्यायचं आणि विभाजनाच्या ऐन मध्यावर थांबवून काचपट्टीवर पसरायच्या. निरोगी पेशीत गुणसूत्रं अखंड दिसतात, जणू कोणी काळ्या दोऱ्याचे आखूड तुकडे टेबलावर टाकलेत. दुरुस्ती न जमणाऱ्या पेशीत मात्र कुठे बाहू तुटून बाजूला पडलेला, कुठे दोन अनोळखी गुणसूत्रं चुकीच्या जागी चिकटून चौफुली झालेली. मोजणारा फक्त आकडे लिहीत जातो: इतक्या पेशी पाहिल्या, इतक्या तुटी. या बहिणींच्या पेशींत गुणसूत्रं तुटत होती.

दुसरी चाचणी जास्त नेमकी. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की त्या जागी रॅड५१ नावाचं प्रथिन जमतं. त्याला चमकणारा रंग लावला की निळ्या केंद्रकात ठिपके दिसतात, साधारण एकेक ठिपका म्हणजे दुरुस्तीची एकेक जागा. या बहिणींच्या पेशींत रॅड५१ तुटलेल्या जागी पोचतच नव्हतं. बीआरसीए२चं काम नेमकं तेच आहे: रॅड५१ला धरून आणणं आणि तुटलेल्या टोकावर बसवणं. ३४१८ अमिनो आम्लांचं हे अजस्र प्रथिन. त्याच्या मधल्या भागात आठ कड्या आहेत आणि त्यांतून ते रॅड५१ला पकडतं. इतकं मोठं आणि हट्टी, की ते शुद्ध स्वरूपात बाटलीत मिळवायला २०१० साल उजाडावं लागलं. त्या वर्षी तीन प्रयोगशाळांना ते एकदमच जमलं.

फॅन्कोनी ॲनिमिया हा डीएनए-दुरुस्तीच्या दोषातून येणारा दुर्मीळ आनुवंशिक आजार माहीत असलेल्यांना इथे एक जुनी ओळख पटेल. त्या आजाराचा डी१ हा प्रकार म्हणजे बीआरसीए२च्या दोन्ही प्रतींतला दोष, हे २००२ मध्ये कळलं होतं. त्यात मुलांना अगदी लहानपणी ल्युकेमिया किंवा मेंदूच्या गाठी होतात. लहान डोकं, ल्युकेमिया, तुटणारी गुणसूत्रं. या बहिणी त्याच रस्त्यावरच्या, फक्त बऱ्याच सौम्य टोकाच्या, असं मी म्हणेन. डी१ची बरीच मुलं वयात येण्याइतकी जगतच नाहीत, त्यामुळे त्यांच्या अंडाशयांचं काय होतं हे कुणी फारसं विचारलं नाही. या दोघी जगल्या, वाढल्या, आणि म्हणून प्रश्न उभा राहिला.

कांद्याचे डेंगळे

मी महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. अर्धगुणसूत्री विभाजन दाखवायचं तर आमच्याकडे सगळ्यात स्वस्त सामान म्हणजे कांद्याचे डेंगळे. गोंड्यातल्या कळ्या घ्यायच्या, सुईने उकलायच्या, आतले परागकोश काचपट्टीवर ठेवून ॲसिटोकार्मिनचा थेंब टाकायचा, वर आवरणकाच ठेवून अंगठ्याने दाबायचं. नशीब असेल तर लालसर रंगात आठ जोड्या दिसतात, कारण कांद्याची गुणसूत्रं सोळा. पण मुलं हटकून मोठी, गुबगुबीत कळी निवडतात. तिचे परागकोश पिवळे झालेले असतात आणि आत फक्त तयार परागकण. जे पाहायचं ते आठवड्यापूर्वीच उरकलेलं असतं. मग मी सांगते, लहान कळी घ्या, जिचा परागकोश अजून पांढुरका-हिरवा आहे ती.

या बहिणींच्या बाबतीत डॉक्टरांच्या हाती पिवळा परागकोश आला होता. मुलीच्या शरीरात अर्धगुणसूत्री विभाजन सुरू होतं ते ती आईच्या पोटात असताना, गर्भाच्या दहाव्या-बाराव्या आठवड्यापासून. विसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाच्या अंडाशयांत साठ-सत्तर लाख बीजपेशी असतात. जन्मापर्यंत त्यांतल्या दहा-वीस लाख उरतात आणि वयात येईपर्यंत तीन-चार लाख. उरलेल्या पेशी विभाजनाच्या पहिल्याच टप्प्यात थबकून बसतात. कुणी पंधरा वर्षं, कुणी पंचेचाळीस. म्हणजे ज्या प्रसंगाने या दोघींची अंडाशयं रिकामी केली, तो त्यांच्या जन्माआधीच होऊन गेला होता. त्याची खबर घरच्यांना लागते ती मुलगी वयात यायची तेव्हा.

अंडाशयातली बीजपेशी एकटी नसते. तिच्याभोवती आधारपेशींचं वेटोळं असतं, म्हणजे पुटिका, आणि पुढे इस्ट्रोजेन बनवतात त्या याच पेशी. पण मध्ये बीजपेशी नसेल तर पुटिका बनतच नाही. बीज गेलं की पुटिका गेली, पुटिका गेली की संप्रेरक गेलं, आणि संप्रेरक नाही म्हणजे पाळी नाही, स्तनांची वाढ नाही. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी अंडाशयाला चालना देणारं एफएसएच हे संप्रेरक सोडत राहते, हाका मारत राहते, पण ओ द्यायला कुणी नसतं. म्हणून अशा मुलींच्या रक्तात एफएसएच चढलेलं आणि इस्ट्रोजेन तळाला गेलेलं सापडतं.

पेशी स्वतःलाच कापते

आता मूळ मुद्द्याकडे. बहिणींच्या बाकीच्या शरीराने बीआरसीए२चा तुटवडा कसाबसा निभावून नेला. हाडं वाढली, त्वचा भरून आली, जेवण पचलं. मग बीजपेशींनाच तो का निभावता आला नाही?

कारण बीजपेशी आपला डीएनए मुद्दाम तोडते. पाठ्यपुस्तकात 'सजातीय गुणसूत्रांमध्ये जनुकीय विचरण होते' असं एक वाक्य असतं आणि शेजारी लाल-निळ्या काड्यांची चित्रं. मुलं ते पाठ करतात. त्यामागचं हिंसक कृत्य त्या चित्रात दिसत नाही. एसपीओ११ नावाचं प्रथिन डीएनएचे दोन्ही धागे कापतं. उंदराच्या एका पेशीत असे दोनशे ते तीनशे घाव होतात, आणि तेही साधारण एकाच सुमारास. मग टोकं सोलली जातात, एकेरी धागा मोकळा होतो, बीआरसीए२ त्यावर रॅड५१ आणि त्याचं फक्त बीजपेशीत काम करणारं भावंड डीएमसी१ यांना बसवतं. त्यांनी वेढलेला धागा केंद्रकात आपल्या जोडीदार गुणसूत्राचा शोध घेतो: आईकडून आलेलं असेल तर वडिलांकडून आलेलं, आणि उलट. सापडला की त्याच्या मजकुरावरून तूट भरायची.

सुमारे नव्वद टक्के घाव नुसते भरून येतात. उरलेल्या दहाएक टक्क्यांत दोन्ही गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि तिथे त्यांची गाठ बसते. लग्नात वधूवरांच्या उपरण्या-शालूची बांधतात तशी. ही गाठ म्हणजे हौस नव्हे. पुढे दोघांना दोन दिशांना ओढायचं असतं, आणि ओढ नीट बसायची तर आधी ती एकमेकांना बांधलेली हवीत. गाठच नसेल तर ती कुठेही भरकटतात आणि बीजात गुणसूत्र जास्त किंवा कमी जातं.

मराठीत गंमत अशी की 'गाठ रोखणारं प्रथिन' म्हणून ज्याची ओळख, ते या पेशीत गाठ बांधणाऱ्यांत आहे.

त्वचेच्या किंवा आतड्याच्या पेशीत दुहेरी तूट हा अपघात असतो. एखाद-दुसरी होते, आणि बीआरसीए२ अर्धंमुर्धं असलं तरी वेळ मारून नेता येते. बीजपेशीत मात्र एका झटक्यात शेकडो घाव. एरवी दोन डॉक्टरांवर चालणाऱ्या गावच्या दवाखान्यात यात्रेच्या दिवशी अख्खी बस उलटावी तसं. तुटवडा तेव्हा उघडा पडतो.

उंदीर, नर आणि मादी

माणसाच्या गर्भात डोकावता येत नाही, म्हणून उंदराकडे जावं लागतं. बीआरसीए२ पूर्ण काढून टाकलेले उंदीर भ्रूणावस्थेतच मरतात, हे श्याम शरण आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं. मेलेल्या भ्रूणाच्या अंडाशयाबद्दल विचारणार काय? २००४ मध्ये शरण यांच्याच गटाने यातून वाट काढली. उंदराचं स्वतःचं जनुक काढलं आणि माणसाचं बीआरसीए२ आत घातलं. या उसन्या जनुकाने उंदीर जगवले, पण वृषणांत आणि अंडाशयांत ते फारसं चाललंच नाही. निसर्गाने आयता प्रयोग हातात दिल्यासारखं झालं: शरीर शाबूत, जननपेशी बीआरसीए२विना.

नर वंध्य निघाले. त्यांच्या पेशी पहिल्या टप्प्यात अडकल्या. रॅड५१ आणि डीएमसी१ गुणसूत्रांवर बसलेच नाहीत. माद्यांमध्ये मात्र काही बीजपेशी पुढे सरकल्या, जरी संख्या घटलेली होती आणि केंद्रकांत बिघाड होते. असा फरक या विषयात पुनःपुन्हा दिसतो. बीजपेशीत बीआरसीए२ला घावाच्या जागी पोचवणारं एक खास प्रथिन आहे, एमईआयएलबी२. त्याचं दुसरं नाव एचएसएफ२बीपी. २०१९ मध्ये स्वीडनमधल्या गटाने ते नसलेले उंदीर तपासले. नर निर्बीज, माद्यांचं त्या मानाने बरंच निभावलेलं. पण माणसात या साखळीची हीच कडी कमजोर झाली की काय होतं, त्याचंही उदाहरण लगेच मिळालं. नात्यात लग्न झालेल्या एका कुटुंबातल्या तीन बहिणींची अंडाशयं अकाली थकली होती, आणि त्यांच्यात एचएसएफ२बीपीमध्ये एका अमिनो आम्लाचा बदल सापडला. तो अहवाल २०२० चा. दोन वर्षांच्या अंतराने दोन घरं, आणि दोन्ही प्रथिनं एकमेकांच्या हातात हात घालून चालणारी. मला हा पुरावा उंदरांपेक्षाही बोलका वाटतो.

घाव भरला नाही तर पेशी मरते कशी

घाव न भरलेली बीजपेशी आपोआप गळून पडत नाही. तिला मारलं जातं, आणि मारणारेही ट्यूमर सप्रेसरच, म्हणजे गाठ रोखणाऱ्या प्रथिनांच्या कुळातलेच. या कुळात दोन स्वभावाची माणसं आहेत: काही गवंडी, काही पहारेकरी. बीआरसीए२ गवंडी. पहारेकऱ्यांत पहिला एटीएम. बँकेच्या पैशांच्या यंत्राशी त्याचा काही संबंध नाही, तरी वर्गात दरवर्षी कुणीतरी हसतंच. तो डीएनए तुटल्याची आरोळी ठोकतो. त्याच्याकडून निरोप सीएचके२कडे, आणि सीएचके२कडून पी५३ व पी६३कडे.

पी५३ला सगळे ओळखतात. माणसाच्या कर्करोगाच्या साधारण निम्म्या गाठींत ते बिघडलेलं सापडतं. पण बीजपेशीत खरी सत्ता त्याच्या भावाची, पी६३ची. २००६ मध्ये दाखवलं गेलं की थबकून बसलेल्या प्रत्येक बीजपेशीत पी६३ भरलेलं असतं. उंदराला ०.४५ ग्रे इतकं किरकोळ प्रारण दिलं की या पेशी मरतात. पी६३ नसेल तर त्याच मात्रेवर त्या जिवंत राहतात. एरवी हे प्रथिन दोन-दोनच्या जोड्यांत निपचित पडून असतं. सीएचके२ने त्याला खूण केली की जोड्या उलगडून चार-चारच्या चौकड्या होतात, आणि तिथून माघार नाही. ताणून ठेवलेला सापळा एकदा सुटला की परत आपोआप ताणला जात नाही, तसंच.

२०१४ मधला एक प्रयोग मला फार आवडतो. ट्रिप१३ नावाच्या जनुकात बिघाड असलेल्या उंदरिणी वंध्य असतात, कारण त्यांचे काही घाव वेळेत भरत नाहीत आणि बीजपेशी मारल्या जातात. संशोधकांनी त्यांच्यातून सीएचके२ही काढून टाकलं. पहारेकरी गेला, बीजपेशी वाचल्या आणि त्या उंदरिणींना पिल्लं झाली. म्हणजे तिथे वंध्यत्वाचं थेट कारण तूट नव्हती, तुटीबद्दलची कडक शिस्त होती.

माणसातही याची सावली दिसते. २०२१ मध्ये सुमारे दोन लाख स्त्रियांच्या रजोनिवृत्तीच्या वयाचा आणि जनुकांचा मेळ घालून पाहिला गेला. ज्यांच्यात सीएचके२ची एक प्रत निकामी आहे, त्यांची पाळी सरासरी साडेतीन वर्षं उशिरा थांबते. पहारा ढिला म्हणून बीजं जास्त दिवस टिकतात. त्याच स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचा धोकाही जास्त असतो.

मला न पटलेलं एक वाक्य

बहिणींच्या शोधनिबंधाचा एकूण सूर असा की अर्धगुणसूत्री विभाजनातल्या जोडकामाला लागणारी जनुकं अंडाशय घडण्यासाठीही महत्त्वाची आहेत. हे बरोबरच आहे. पण त्यावरून 'घोटाळा याच विभाजनात झाला' असं कुणी वाचलं, तर मी थोडं थांबवीन.

त्याच गटाने फळमाशीतही प्रयोग केला होता. बीआरसीए२चा माशीतला भाऊबंद पूर्ण काढला तर माश्या वांझ होतात, आणि नर-मादी दोघांच्याही जननग्रंथी नीट घडत नाहीत. विभाजनाच्या एका टप्प्यात पेशी अडकल्या तर ग्रंथी रिकामी होईल, पण तिची घडणच बिघडण्यासाठी गडबड आधीपासून असायला हवी. गर्भात सुरुवातीला मूठभर आद्य जननपेशी असतात. त्या साध्या विभाजनाने भराभर वाढत लाखांवर जातात. इतक्या वेगाने डीएनएच्या प्रती काढताना तुटी होतातच, आणि तिथेही बीआरसीए२ आणि फॅन्कोनी कुळातली बाकी प्रथिनं लागतात. फॅन्कोनीची जनुकं बिघडवलेल्या उंदरांत या आद्य पेशीच कमी भरतात, हे वेगळं दाखवलेलं आहे.

म्हणजे या बहिणींच्या अंडाशयांत दोनदा गळती झाली असावी. आधी पेशी पुरेशा वाढल्याच नाहीत, आणि ज्या वाढल्या त्या शेकडो घावांच्या वेळी कोसळल्या. कुठे किती गळती, हे त्यांच्या रक्ताच्या पेशी तपासून कळणार नाही. पुन्हा तोच पिवळा परागकोश.

गाठ रोखणं हे या प्रथिनाचं मूळ काम नाही, याचा सगळ्यात पक्का पुरावा मात्र माणसात नाही आणि उंदरातही नाही. मक्याच्या काणीत आहे. शेतकऱ्याला काणी म्हणजे कणसावर येणारी काळी भुकटी. त्या बुरशीत बीआरसीए२चा नातेवाईक आहे, ब्रह२ नावाचा, आणि तो नसेल तर तिची डीएनए-दुरुस्ती आणि अर्धगुणसूत्री विभाजन दोन्ही कोलमडतात. मोहरीच्या कुळातल्या अरेबिडॉप्सिस या छोट्या रोपालाही परागकण बनवायला बीआरसीए२ लागतं. बुरशीला कुठला स्तन आणि कुठला कर्करोग! पी६३चंही तसंच: समुद्रफुलासारख्या नेमॅटोस्टेला या साध्या प्राण्यात त्याचा पूर्वज सापडतो, आणि तिथेही तो इजा झालेल्या जननपेशींनाच मारतो. मोठी, दीर्घायुषी, वर्षानुवर्षं पेशी बदलत राहणारी शरीरं फार नंतर आली, आणि त्यांनी बीजकोठीतले हे जुने नोकर घरभर कामाला लावले.

घरच्यांच्या हाती काय पडतं

अशा मुलीसाठी उपचार तसे सरळ आहेत. इस्ट्रोजेन बाहेरून द्यायचं, सुरुवातीला अगदी थोडं, मग वाढवत. नंतर प्रोजेस्टेरॉन जोडायचं. त्याने शरीर वयात येतं, हाडं ठिसूळ होत नाहीत. गर्भाशय असतं, त्यामुळे दात्याचं स्त्रीबीज घेऊन गर्भधारणा होऊ शकते. अवघड आहे ती दुसरी बाजू. दोन्ही प्रती बिघडलेल्या असताना कर्करोगावर आयुष्यभर नजर ठेवावी लागते, आणि कधी केमोथेरपीची वेळ आलीच तर डीएनएचे धागे एकमेकांना जखडणारी औषधं फार जपून वापरावी लागतात, कारण निरोगी पेशींनाही ती झेपत नाहीत.

आणि मग आईवडील. मुलीला पाळी येत नाही म्हणून घरचे डॉक्टरकडे जातात. तपासण्यांच्या शेवटी त्यांना कळतं की आई आणि वडील दोघेही बीआरसीए२च्या एकेका बिघडलेल्या प्रतीचे वाहक आहेत. अशा वाहक स्त्रीला ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ६९ टक्के, अंडाशयाचा सुमारे १७ टक्के, असा २०१७ चा मोठा अभ्यास सांगतो. मुलीच्या फायलीतून आईच्या जिवावरचं काही बाहेर येतं. मावशी, आत्या, मामा, काका यांनाही बोलवावं लागतं. समुपदेशन करणाऱ्याचं खरं कौशल्य इथे लागतं, आणि पंधरा मिनिटांच्या ओपीडीत ते बसत नाही.

आपल्याकडे आते-मामे भावंडांची लग्नं अनेक समाजांत सर्रास होतात. त्यामुळे असं काही ऐकलं की पहिला प्रश्न 'नात्यातलं लग्न आहे का' हाच येतो, आणि उत्तर 'नाही' आलं की डॉक्टर निश्चिंत. या बहिणींच्या दोन प्रतींतले दोष वेगवेगळे होते. असं घडायला आईवडील नात्यातले असावे लागत नाहीत. दोन अनोळखी घरांत दोन वेगळे दोष असले तरी पुरतं.

एकच प्रत बिघडलेल्या तरुण वाहक स्त्रियांचं काय, हा प्रश्न आता प्रजननतज्ज्ञांकडे वारंवार येतो. बीआरसीए१च्या वाहकांत बीजांचा साठा लवकर आटतो असं सुचवणारे अभ्यास २०१० पासून आहेत. सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. माझा सल्ला इतकाच, की एका प्रतीच्या दोषावरून कुणाला वंध्यत्वाची भीती घालू नये. या बहिणींची गोष्ट दोन प्रतींची आहे.

आता समजा, असाच दोष घेऊन एखाद्या घरात मुलगा जन्मला. वृषणात टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशी वेगळ्या असतात आणि त्यांना बीजपेशींची गरज नसते. त्यामुळे तो वेळेवर वयात येईल. आवाज फुटेल, मिसरूड येईल, कुणालाही शंका येणार नाही. लग्न होईल, तीन-चार वर्षं मूल होणार नाही, तोवर सगळे सुनेच्या तपासण्या करत राहतील. मग कधीतरी वीर्याचा अहवाल येईल आणि त्यावर शुक्राणूंच्या रकान्यात शून्य असेल. मी तिथे असते तर त्या कागदाच्या मागच्या बाजूला दोनच प्रश्न लिहिले असते: लहानपणी रक्ताचा काही आजार झाला होता का, आणि आईच्या किंवा वडिलांच्या घराण्यात स्तनाच्या गाठीने कोण गेलं?